पुसता येणाऱ्या सीड्या

६ ऑक्टोबर, रविवार

कट-कट-कट. सकाळपासून कॉम्प्युटर आतून दात वाजवायलाय.

हे कॉटवर बसून ऐकत होते. नजर गेल्यापासून कान लय तिखट झालेत यांचे. म्हणले, हार्डडिस्क चालली. आहे तोवर सगळी गाणी सीड्यांवर उतरवून घ्यायची. सगळी! एक मागं राहता कामा नये. आणि उतरवायची कोणी? तर मंजुषानं.

काचबिंदूनं यांचे डोळे गेले तेव्हापासून यांचे डोळे मी, यांची काठी मी, गोळ्या मी, थेंब मी. आता कॉम्प्युटरवालीबी मीच. पूर्णेच्या स्टँडवर यांचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं, तेव्हा याच डब्याला "हात लावू नको" म्हणून मला लांब ठेवायचे. आता मनगट धरून त्याच्यापुढं बसवलंय. वा रे न्याय!

बियाण्याच्या कंपनीची डायरी कोरीच पडली होती, तीच काढली. बोलायला या घरात कोण आहे?

७ ऑक्टोबर, सोमवार

गाणी म्हणजे सिनेमाची नव्हेत. हळदीची, बारशाची, ओव्या, भारुडं, भजनं. पाथरीपासून देवगाव फाट्यापर्यंत यांनी एक गाव सोडलं नाही. कुठं लग्न आहे कळलं की हे टेप घेऊन हजर. म्हाताऱ्या बायांपुढं मांडी घालून बसायचे आणि मऊ आवाजात म्हणायचे, मावशी, अजून एक म्हणा ना. घरी आल्यावर मला दोनच शब्द. जेवायला वाढ.

मीबी गायची. माहेरी, मग इथंबी, ज्वारी निवडता निवडता गात बसले की शेजारच्या बाया भिंतीवरून ऐकायच्या. आमची पोरगी पिंकी लहान असताना परभणीहून एक बाई यांच्याकडं ओव्या मागायला आल्या होत्या, अभ्यासासाठी. त्यांनी विचारलं, तुमच्या घरात कोणी गातं का? हे म्हणले, "न्हाई. आमच्या घरात कोणी गात न्हाई." मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी. चहा दिला, आत आले. त्या दिवसापासून या घरात माझ्या तोंडातून गाणं निघालं नाही. कोणी विचारलंबी नाही, की का नाही म्हणून.

आता तीच परक्या बायांची गाणी मी सांभाळू! मीच!

८ ऑक्टोबर, मंगळवार

पिंकी पुण्याहून फोनवर होती. तिचं म्हणणं, मम्मी, पेनड्राइव्ह घे ना, सीडी आता कोण वापरतं? पण यांचा हट्ट. पेनड्राइव्ह एकदा गेला की आतलं सगळं गेलं, सीडी हातात धरता येती, म्हणले. शिवाय दुकान बंद केलं तेव्हाचा सीड्यांचा डबा माळ्यावर तसाच होता. पुसून परत भरता येणाऱ्या. तेव्हा महाग म्हणून कोणी घेतल्या नाहीत. खरं तर त्या डीव्हीड्या आहेत, पण आमच्या घरात गोल आणि चकचकीत असलं की ती सीडीच.

डबा खाली काढला. पाली, धूळ, जाळं. शिंकून शिंकून बेजार झाले.

हे म्हणले, आधी ट्रायल घे. कायबी टाक, गाणी नासवू नको. आत बघितलं तर एका फोल्डरचं नावच "टेस्ट". बरंच झालं! त्यातल्या वरच्या थोड्या फायली टाकल्या. पहिल्यांदा अर्ध्यात एरर. परत केलं, परत एरर. हे कॉटवरून ओरडायलेत, "स्पीड किती हाय? स्पीड बघ!" बघितला तर सगळ्यात जास्तीचा. सगळ्यात कमी केला, तेव्हा कुठं गाडी पोचली. जुनं मशीन, जुनी सीडी, हळूच चालणार. माणसालाबी हेच लागू आहे म्हणा, पण माणसाचं कोण बघतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

नवं खूळ. कोणती सीडी कशाची हे यांना हातानं कळायला पाहिजे. स्केचपेनचा काय उपयोग? मग माझ्या टिकल्यांचं पाकीट काढलं. एक टिकली ट्रायलची, दोन भजनाच्या, तीन हळदीच्या, असं ठरलं. मोठी टिकली कडेला लावली तर मशीन पिठाच्या गिरणीसारखं थरथरायला लागलं. सीडीचा तोल जातो म्हणे. मग बारक्या टिकल्या, मधल्या भोकाजवळ. हे बोट फिरवून बघतात आणि खूश होतात.

माझ्या कपाळावर टिकली आहे का नाही हे दिसत होतं तेव्हा कधी बघितलं नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सासूबाईंनी कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं ठेवली. शिलाई मशीन, मोटारीचा स्टार्टर, विळा, कुऱ्हाड, सगळ्यांची पूजा झाली. पुरणपोळ्या लाटून पाठ मोडली.

१३ ऑक्टोबर, रविवार

ट्रायलची सीडी चालंना. परवा चालत होती! मशीन नुसतं घरघर करतं आणि सीडी बाहेर फेकतं. दुसरी कोरी घातली, तर तीबी ओळखंना. हे म्हणले केबल बघ. केबल बघितली. बंद करून चालू कर म्हणले, केलं. हे कॉटवरून हुकूम सोडायलेत, मी टेबलाखाली डोकं घालून. दुपार गेली.

शेवटी सीडी उन्हात धरली. चकचकीत बाजूवर पिवळट-लाल फराटे!

सासूबाईंना विचारलं. ऐंशीच्या पुढच्या आहेत पण उत्तर तयार. म्हणल्या, "तूच टिकली लावलीस ना तिला? मग मी हळद-कुंकू लावलं. अन् चमकतं तेच तोंड, पाठीवर कोण कुंकू लावतं?" नंतर मशीनमधी घाण जाईल म्हणून त्यांनीच पदरानं पुसलं, गोल गोल, ताट पुसतात तसं. वर ओरखडे पडले, आणि हळद गेली ती गेलीच, यंत्राच्या भिंगावर जाऊन बसली.

मी कपाळ धरून बसले. हे मात्र पोट धरून हसले. म्हणले, जाऊ दे, ट्रायलचीच होती. यांचं हसणं कधीचं ऐकलं नव्हतं, तेबी हसले कोणावर तर माझ्या मेहनतीवर.

कापूस आणि स्पिरिटनं भिंग पुसलं. मशीन सुरू झालं. ती सीडी पुसून नवी भरावी म्हटलं तर "ही डिस्क पुसता येत नाही". पुसता येणारी म्हणून विकली आणि पुसता येत नाही! ठेवून दिली बाजूला.

२० ऑक्टोबर, रविवार

लाइट गेली. सीडी नव्वद टक्क्यावर असताना. म्हणजे भात शिजत आला आणि कोणी पातेलंच पालथं केलं. नुसतं वरवर पुसून परत भरली तर परत एरर. पिंकीनं शोधून सांगितलं, वरवर पुसून चालत नाही मम्मी, पुरती पुसायची. पुरती पुसायला तास जातो. पुसली.

गेला आठवडा असाच गेला. स्वयंपाक, थेंब, सीडी, गोळ्या, सीडी.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज माझी चूक निघाली आणि यांनी ती गावाला ऐकू जाईल अशी काढली.

यांच्या उशाशी जुना प्लेअर आहे. त्यात सीडी घातली तर प्लेअर म्हणतो, सीडीच नाही. कॉम्प्युटरवर मात्र छान दिसते! झालं असं, की सीडी घातली की कॉम्प्युटर विचारतो, ही पेनड्राइव्हसारखी वापरायची का प्लेअरसाठी? मी पहिल्याला हो म्हणत गेले, कारण ते सोपं होतं. एक एक गाणं ओढायचं, टाकायचं. तशा भरलेल्या सीड्या प्लेअर ओळखत नाही. आजवरच्या सगळ्या परत कराव्या लागणार.

हे म्हणले, "एवढं बी जमंना का तुला? बारावी शिकलीस ना?" शेजारी मुंजाजी बसला होता, आमचं शेत बटईनं करतो तो. त्याच्यासमोर! त्यानं बिचाऱ्यानं खाली बघितलं आणि बैलाचं काहीतरी काढलं.

मला जमंना. तीस वर्षं या घराचं सगळं जमलं, हे जमंना.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. सीड्या तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवल्या. सासूबाई हळद-कुंकवाची वाटी घेऊन शोधत होत्या.

१० नोव्हेंबर, रविवार

आता हात बसलाय. कमी स्पीड, प्लेअरवालं बटण, शेवटी "तपासून बघा" ला टिक. टिक केल्यावर वेळ दुप्पट लागतो, पण खोटी सीडी तिथंच पकडली जाते. कॉम्प्युटरची कट-कट वाढली. मधेच थांबतो, मधेच चालतो.

प्रत्येक सीडीवरची दोन-तीन गाणी ऐकून बघावी लागतात. आज सरजाबाई लागली. सेलूकडची म्हातारी, आता नाही ती. काय गळा होता! ऐकता ऐकता माझे हात थांबले. मग गाणं संपलं आणि यांचा आवाज आला, जवान, मऊ. "मावशी, अजून एक. दम खाऊन म्हणा, मला घाई न्हाई."

मला घाई नाही! मी चट्कन बंद केलं. हा आवाज मला कधी आला नाही वाट्याला.

हे म्हणले, का बंद केलं? मी म्हणाले, सीडी चांगली आहे. अलीकडं एवढंच बोलते मी यांच्याशी. गोळी घ्या. हात उचला. सीडी चांगली आहे. भांडायचाबी कंटाळा आलाय.

१७ नोव्हेंबर, रविवार

शेवटच्या ओव्या राहिल्या, आणि आता कॉम्प्युटर म्हणतो जागा नाही! सीडी भरायच्या आधी त्याला आतमधी थोडी मोकळी जागा लागते म्हणे. पिंकीला फोन. ती म्हणली, सगळ्यात मोठं फोल्डर बघ आणि नको असेल तर उडव. सगळ्यात मोठं कोणतं? तर "टेस्ट". सगळ्या ओव्या मिळून जेवढ्या होत नाहीत तेवढं ते एकटं. साधी फाइल दाबून बारीक करतात, ह्या तशा केलेल्याच नाहीत, म्हणून एवढी जागा खातात.

एक उघडून ऐकली. पंख्याची घरघर आणि यांचं "हॅलो, हॅलो, टेस्टिंग". बंद केली. दुसरी उघडली, परत हॅलो हॅलो. रेकॉर्डिंगला निघायच्या आधी हे घरात मशीन तपासून बघायचे, तो सगळा कचरा. वीस-पंचवीस वर्षांचं हॅलो हॅलो! असल्या कचऱ्यासाठी आणखी दहा सीड्या कुठून आणू? डब्यात दोनच उरल्यात.

यांना विचारणार होते. पण सकाळीच चहात साखर टाकली म्हणून कप सारला होता यांनी. (टाकली नव्हती. जीभबी संशयी झालीय.) म्हटलं, कशाला विचारा, परत ऐकून घ्या.

पिंकी म्हणली, शिफ्ट दाबून डिलीट कर, न्हाईतर कचरापेटीत पडून राहतं. शिफ्ट दाबून केलं. हिरवी पट्टी धावली, आणि जागाच जागा!

ओव्या उतरल्या.

२४ नोव्हेंबर, रविवार

कॉम्प्युटर गेला. कट-कट पण बंद. काम काल संध्याकाळी पुरं झालं आणि आज तो गेला. माझं नशीब एवढं चांगलं कधीपासून?

यांना सांगितलं, सगळं उतरलंय. म्हणले, "सगळं?" म्हटलं, सगळं. मग म्हणले, लय केलंस. लग्नापासून पहिल्यांदा. लिहून ठेवते, पुढं कोणी विश्वास ठेवणार नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

ज्वारी पोटऱ्यात आली, आता कणसं बाहेर पडतील. मुंजाजी म्हणला, पाखरं यायच्या आत कायतरी टांगावं लागंल, चमकणारं. नासलेल्या सीड्या दिल्या त्याला. अर्धवट जळालेल्या, एररवाल्या, आणि ती सासूबाईंची हळद-कुंकवाची. सीडीचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा.

१५ डिसेंबर, रविवार

पिंकीनं नवी हार्डडिस्क धाडली. कॉम्प्युटर पॅसेंजरमधी मांडीवर घेऊन नांदेडला नेला, बसवून आणला. प्लेअरपेक्षा याचा आवाज मोठा, पप्पांना बरं, म्हणली. दुकानदारानं जुनी डिस्क कानाशी हलवून बघितली. यातून आता काही निघणार नाही, म्हणला. मी म्हणाले, काढायचं काहीच नाही, सगळं सीडीवर आहे. ऐटीत म्हणाले.

घरी आल्यावर भजनाची सीडी लावली. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

५ जानेवारी, रविवार

लिहू का नको.

दुपारी हे सीड्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले. एक एक काढून टिकल्या मोजायलेत. दोन. तीन. चार. पाच. परत पहिल्यापासून. मी तांदूळ निवडत होते. मग विचारलं, "मंजू, टेस्टची कोणती?"

मी म्हणाले, ट्रायलची? ती तर नासली, आईंनी कुंकू लावलं ती.

"ट्रायलची नव्हं. टेस्टचं फोल्डर. त्येच्या लय सीड्या व्हायला पायजेत. त्येच्यावर किती टिकल्या लावल्यास?"

मी म्हणाले, त्यात काय होतं? नुसतं हॅलो हॅलो तर होतं.

हे हसले. म्हणले, "सुरुवातीला हॅलोच असतंय. नंतर मी मशीन तसंच चालू ठेवायचो. तू घरात बोलायचीस ते. पिंकीला न्हाऊ घालताना, आईशी भांडताना, माझ्यावर ओरडताना. सगळं हाय त्यात. गाणी काय, कोणाच्या बी मोबाईलवर मिळत्याल. मला तेवढंच पायजे होतं."

माझ्या हातातलं सूप तसंच. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? सगळी गाणी, सगळी गाणी म्हणून माझा जीव खाल्ला, हे एक का नाही सांगितलं?

"लाज वाटली," म्हणले. "अन् तू आता बोलतीस कुठं? गोळी घ्या, हात उचला. दिवसभर कान लावून बसतो, तुझी निसती भांडी वाजतात. तवा लय बोलायचीस."

मी म्हणाले, मी बोलायची तेव्हा तुम्ही ऐकत नव्हता.

"ऐकत होतो. म्हणून तर भरून ठेवलं."

मग मी ते विचारलं. इतकी वर्षं गिळून बसले होते ते. परभणीच्या बाईंना कोणी गात नाही का म्हणालात? यांना आठवायलाबी वेळ लागला नाही. "ती बाई समद्यांच्या ओव्या घेऊन जायली होती. तुझी मला द्यायची नव्हती." एवढंच. अरे माणसा, मग मला सांगायचं! मला तरी एकदा सांगायचं! मी एवढी वर्षं तोंड शिवून बसले, आणि तुझ्यापाशी माझं गाणं डब्यात!

हे सगळं मनातल्या मनात. तोंडानं म्हणाले, शोधते. सापडंना, पण शोधते.

६ जानेवारी, सोमवार

पिंकीला विचारलं, शिफ्ट दाबून उडवलेलं परत येतं का? ती म्हणली, जुनी डिस्क चालत असती तर कोणीतरी काढलं असतं मम्मी, पण ती तर गेली ना. का गं? काही नाही म्हणाले.

माझा आवाज मीच पुसला. पुरता पुसला. यांचा राग करू का माझा, कळंना. दोघांचाबी येतोय. सांगितलं असतं तर! विचारलं असतं तर!

हे दर तासाला विचारतात, सापडली का.

७ जानेवारी, मंगळवार

भाकरी थापताना एकदम आठवलं. ट्रायलची सीडी! त्या दिवशी मी वरच्या फायली टाकल्या होत्या त्या टेस्टमधल्याच. आणि ती पुसता आली नव्हती. सासूबाईंच्या कुंकवानं पुसू दिली नव्हती.

तवा तसाच चुलीवर ठेवला आणि शेताकडं निघाले. सासूबाई मागून ओरडायल्या, भाकर करपली!

ज्वारी माझ्या डोक्याच्या वर. कणसं दुधात आलेली, दवानं पानं ओली. ठिकठिकाणी सुतळीला सीड्या लटकलेल्या, वाऱ्यानं गरगर फिरायल्या आणि उन्हाचे चट्टे अंगावर मारायल्या. मुंजाजी आगटी पेटवून हुरडा भाजत होता. मला बघून म्हणला, वहिनी, काय झालं, अण्णा बरे हायत ना? मी म्हणाले, बरे हायत, मला टिकलीवाली सीडी दे. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग काही न विचारता बांधाबांधानं शोधायला लागला. भला माणूस.

मीबी शोधत गेले. हातापायाला पानांनी कापलं. बऱ्याच सीड्यांचा वरचा पापुद्रा उन्हानं फुगून सोलला होता. जिच्यावर टिकली असायला पाहिजे तिच्यावर टिकलीच उरली नसली तर? शेवटी विहिरीच्या अंगाला, जांभळीच्या सावलीत टांगलेली मिळाली. टिकली होती. कडेला अजून थोडं कुंकू.

मोटारीच्या पाण्याखाली धरून धुतली, गोल नाही, आतून बाहेर सरळ पुसली. हे मला आता जमतं.

घरी आणून लावली. मशीन घरघरलं, थांबलं, परत घरघरलं. फायलींची नावं दिसली! पहिली कॉपी झाली. दुसरीला एरर. तिसरीला एरर. कमी स्पीड करून बघितलं, बंद करून चालू केलं, कापसानं भिंग पुसलं. बाकीच्या एकबी उठंना. कुंकू कडेला लागलं होतं, सीडी आतल्या बाजूनं भरत येते, म्हणून पहिली तेवढी वाचली असावी.

एकच. आणि ते शेकडो फायलींचं फोल्डर माझ्या बोटानं गेलं. यांना अजून सांगितलेलं नाही. उद्या लावते.

८ जानेवारी, बुधवार

लावली.

पंखा. यांचं हॅलो हॅलो. मग पिंकी रडायलेली, तान्ही. मग मी, केवढा पातळ आवाज! "अहो, डोळे फुटले का तुमचे? पोरगी रडायली अन् तुमी त्या डब्याला हॅलो करायलाव!" माझा हात बंद करायच्या बटणाकडं गेला. हे ऐकतायत, मान थोडी वाकडी करून, उघड्या डोळ्यांनी भिंतीकडं बघत. आणि मग टेपमधे हे हसले, आणि मी हसले. दोघंबी. थांबंचना. पिंकीबी रडायची थांबली. आम्ही असं हसायचो? मला आठवतबी नव्हतं.

तिथंच फाइल संपली. हेबी हसत होते, बरोबर त्याच जागी. डोळे पुसले.

म्हणले, "आता दुसरी लाव. तू ज्वारी निवडताना ओव्या म्हणतीस ती."